गावच्या जुन्या घराचा मालक नेमका कोण? सातबारा, फेरफार, नमुना ८ आणि मिळकत पत्रिका यांतून घराचा इतिहास असा काढा



शहापूर तालुक्यातल्या आमच्या गावावरून मोजणीचा ड्रोन उडून गेला, त्याला बरेच महिने झाले होते. आम्ही ते विसरूनही गेलो होतो. मग एके दिवशी गावाहून चुलत काकांचा फोन आला. "गावठाणातल्या घरांची चौकशी लागलीय. घर कुणाच्या नावावर लावायचं ते सांगायचंय. मी माझं नाव देतोय. घरपट्टी मीच भरतो ना?"

बाबा "हो हो, बघू" म्हणाले आणि फोन ठेवल्यावर गप्प बसले. घर पणजोबांनी बांधलेलं. त्यांना तीन मुलं: थोरले आजोबा (म्हणजे फोन करणाऱ्या काकांचे वडील), धाकटे माझे आजोबा, आणि मुरबाड तालुक्यात दिलेली एक मुलगी, म्हणजे बाबांची आत्या. "घर सगळ्यांचं आहे, गावात कुणालाही विचार," हे बाबांचं म्हणणं. पण "कुणालाही विचार" हा काही पुरावा नाही.

मी सॉफ्टवेअर इंजिनियर. रोज डेटाबेसमध्ये जुने रेकॉर्ड शोधणं हेच माझं काम. म्हटलं, आपल्याच घराचा रेकॉर्ड शोधायला काय लागतं? एक रविवार पुरेल. प्रत्यक्षात अडीच महिने गेले. त्यात जे कळलं ते आज सोप्या भाषेत सांगतो, म्हणजे तुमचा वेळ वाचेल.

पहिली चूक: सातबाऱ्यावर घर शोधणं

मी सगळ्यात आधी महाभूलेख उघडलं. जिल्हा ठाणे, तालुका शहापूर, गाव निवडलं, आडनाव टाकलं. शेतीचे दोन गट आले. घर कुठेच नाही. वाटलं, गेलं घर कुणीतरी नावावर करून!

तसं काही नव्हतं. सातबारा हा शेतजमिनीचा उतारा आहे. गाव नमुना सात म्हणजे कुणाचा हक्क, आणि गाव नमुना बारा म्हणजे कोणतं पीक. जुन्या वस्तीची जागा, म्हणजे गावठाण, यात सहसा येत नाही. गावठाणातल्या घराला स्वतंत्र सातबारा नसतो. त्यामुळे तिथे घर दिसलं नाही तर घाबरू नका. मात्र तुमचं घर शेतात किंवा बिनशेती प्लॉटवर असेल, तर ती जागा सातबाऱ्यावरच सापडेल.

दुसरी चूक: आठ-अ आणि नमुना आठ एकच समजणं

काका म्हणाले, "आठचा उतारा आहे माझ्याकडे." मी ऑनलाइन आठ-अ काढला. दोन्ही कागद एकमेकांशी जुळेनात. कारण हे दोन वेगळे कागद आहेत, दोन वेगळ्या खात्यांचे:

गाव नमुना ८-अ हा महसूल खात्याचा. एका खातेदाराची गावात एकूण किती जमीन आहे आणि सारा किती, ते यात असतं. हा तलाठ्याकडे मिळतो. (तलाठ्याच्या पदाचं नाव आता ग्राम महसूल अधिकारी झालंय, पण लोक अजून तलाठीच म्हणतात.)

नमुना ८ हा ग्रामपंचायतीचा. ही घरपट्टीची आकारणी नोंदवही. यात घर नंबर, मालकाचं नाव, भोगवटादाराचं नाव, बांधकाम कसलं आहे आणि कर किती, हे असतं. हा ग्रामपंचायतीत मिळतो.

गावठाणातल्या घराची नोंद दुसऱ्या कागदात असते. पण ही कर वसूल करण्यासाठी ठेवलेली वही आहे. यात नाव असणं म्हणजे मालकी सिद्ध होणं नाही. घरपट्टीच्या पावतीचंही तेच. कर कुणीही भरू शकतो. महसुली नोंदींबद्दलही सुप्रीम कोर्टाने वेगवेगळ्या निकालांत हेच सांगितलंय की अशा नोंदीने मालकी तयार होत नाही आणि जातही नाही. तरीही या कागदांची किंमत कमी समजू नका. घर कोण वापरत होतं, कधीपासून वापरत होतं, याचा तो चांगला पुरावा असतो.

मुद्दा समजून घ्या: उतारा म्हणजे बॅलन्स, फेरफार म्हणजे पासबुक

बँकेत आज खात्यावर किती पैसे आहेत हे बॅलन्स सांगतो. पैसे कुठून आले हे कळायला पासबुकातल्या एंट्र्या बघाव्या लागतात. जमिनीचंही तसंच. सातबारा आजची स्थिती सांगतो. ती कशी झाली हे फेरफार सांगतो. फेरफार नोंदवही म्हणजे गाव नमुना सहा. खरेदी, वारस, वाटणी, बोजा अशी प्रत्येक घडामोड त्यात एका नंबराने लिहिलेली असते. नोटीस निघते, हरकतीसाठी १५ दिवस मिळतात आणि मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो.

सातबारा नीट बघा. त्यावर फेरफाराचे जुने नंबर दिलेले असतात. तेच आपले धागे. शेवटच्या नंबरापासून एकेक मागे जायचं. प्रत्येक फेरफार वाचून एकच प्रश्न विचारायचा: आधी नाव कुणाचं होतं, नंतर कुणाचं झालं, आणि कशामुळे?

मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा १९०३ साली आला आणि १९१३ मध्ये ती तरतूद जमीन महसूल कायद्यात घेतली गेली. म्हणजे नशीब चांगलं असेल तर शंभर वर्षांपर्यंत मागे जाता येतं.

आता घराचं काय? घराला फेरफारच नाही ना!

इथे मी दोन आठवडे अडकलो. आणि मग डेटाबेसमधली एक साधी गोष्ट सुचली. दोन टेबलं थेट जुळत नसतील तर दोघांत समान असलेला कॉलम शोधायचा. आमच्या बाबतीत समान गोष्ट होती माणूस, म्हणजे पणजोबा!

पणजोबा १९६८ मध्ये गेले. घर गावठाणात होतं, म्हणून घराचा फेरफार नव्हता. पण त्यांच्या नावावर शेती होती. शेतीसाठी वारस फेरफार झालाच असणार. माणूस एकच, वारसही तेच. म्हणजे शेतीच्या फेरफारातून घराचे वारस कळणार.

मग आम्ही तीन ठिकाणी शोध घेतला.

१. आपले अभिलेख. हे राज्य सरकारचं पोर्टल आहे. जुने, हाताने लिहिलेले सातबारे आणि फेरफार स्कॅन करून इथे ठेवलेत. ही सेवा ज्या पहिल्या सात जिल्ह्यांत सुरू झाली त्यात ठाणे आणि पालघर दोन्ही होते. लॉगिन करायचं, गाव निवडायचं, फेरफार नंबर टाकायचा. एक सूचना: गावाच्या नावाचं स्पेलिंग आणि तालुका नीट बघा. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून वेगळा झाला. त्यामुळे वाडा, मोखाडा, जव्हारकडच्या नातेवाइकांच्या जुन्या कागदांवर "जिल्हा ठाणे" असंच असेल. आणि त्याहून जुन्या कागदात "तालुका कोलवण" दिसलं तरी गोंधळू नका, शहापूर तालुक्याचंच ते जुनं नाव.

२. तहसीलचा अभिलेख कक्ष. जे ऑनलाइन स्पष्ट दिसत नाही त्यासाठी नक्कल अर्ज करायचा. आमच्या फेरफाराचं पान स्कॅनमध्ये कडेला कापलं गेलं होतं, नेमकं नावांच्या ठिकाणी. तहसीलमधून नक्कल काढल्यावरच पूर्ण वाचता आलं. नक्कल साक्षांकितच घ्या. मोबाइलवरचा फोटो चौकशीत कुणी धरत नाही.

३. ग्रामपंचायतीच्या जुन्या वह्या. आजचा नमुना ८ मागू नका, सगळ्यात जुना मागा. जुन्या वहीत पणजोबांचं नाव होतं. पुढच्या वहीत फक्त थोरल्या आजोबांचं. मधे काय झालं? मासिक सभेचा एक ठराव सापडला: "अर्जदार हे वारस असल्याने नाव लावण्यात येत आहे." अर्ज एकाचा आला, म्हणून नाव एकाचं लागलं. कुणी लबाडी केली असं नाही, बाकीच्यांनी अर्जच केला नव्हता.

फेरफारात काय निघालं

१९६९ चा वारस फेरफार. तीन ओळींत आमचं सगळं घर होतं. थोरल्या आजोबांच्या नावापुढे "ए.कु.मॅ." लिहिलेलं. खाली माझ्या आजोबांचं नाव. आणि आत्याआजीचं नाव? तेही होतं, पण "इतर हक्क" या रकान्यात.

जुने कागद वाचताना हे शब्द माहीत असले पाहिजेत:

ए.कु.मॅ. किंवा ए.कु.क.: एकत्र कुटुंबाचा मॅनेजर किंवा कर्ता. म्हणजे हा एकटा मालक नाही, तो सगळ्यांच्या वतीने नाव लावून बसलाय. पुढे नवीन उतारे लिहिताना ही तीन अक्षरं गळून पडली, तर तोच माणूस एकटा मालक दिसायला लागतो. खूप घरांतलं भांडण इथूनच सुरू होतं.

अ.पा.क.: अज्ञान पालनकर्ता. वारस त्या वेळी लहान होता, म्हणून पालकाचं नाव लागलं. पालक मालक नसतो.

इतर हक्क: यात बोजा, कुळ, विहिरीतला हिस्सा असं काहीही असू शकतं. आणि जुन्या काळी बायकांची नावं बऱ्याचदा इथेच टाकलेली असायची. विधवा आई, लग्न झालेल्या मुली. मुख्य रकान्यात मुलगे, बाजूला मुली. म्हणून हा रकाना न वाचता पुढे जाऊ नका.

कुळ, कलम ३२-ग, ३२-म: कुळकायद्याच्या नोंदी. १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन. त्या दिवशी कसणाऱ्या कुळाला जमिनीचा मालक मानण्याची तरतूद लागू झाली. आपल्या भागातल्या अनेक सातबाऱ्यांचा इतिहास इथे वळण घेतो.

कलम ३६, ३६-अ: आदिवासी खातेदाराची जमीन. पूर्ण शहापूर तालुका आणि मुरबाडमधली काही गावं अनुसूचित क्षेत्रात आहेत. आदिवासी व्यक्तीची जमीन बिगर आदिवासीला जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीशिवाय देता येत नाही. अशा जमिनीवर स्टॅम्प पेपर करून "घर घेतलं" म्हणणाऱ्यांनी जपून राहावं.

याहून मागे गेलात तर मोडी लिपी लागू शकते. आयआयटी रुरकी आणि पुण्याच्या सीओईपीच्या संशोधकांनी मोडीचं देवनागरी करणारं एआय मॉडेल २०२५ मध्ये मांडलंय. माझ्यासारख्याला भारी वाटतं, पण हक्काच्या कामासाठी कागद जाणकार मोडी वाचकाकडूनच वाचून घ्या. एक अक्षर चुकलं तर एक वारस चुकतो.

खरेदीखत असेल तर

आमच्या घराचं खरेदीखत नाही. गावठाणातल्या जुन्या घरांचं बऱ्याचदा नसतंच. पण घर कधीतरी विकत घेतलेलं असेल, तर शहापूर किंवा मुरबाडच्या दुय्यम निबंधक कार्यालयात त्याची नोंद असायला हवी. शंभर रुपयांच्या वरची स्थावर मिळकत नोंदणीकृत दस्ताशिवाय विकता येत नाही. त्या दस्ताच्या सारांशाला सूची क्रमांक दोन, म्हणजे इंडेक्स टू म्हणतात. नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर अलीकडचे दस्त मोफत शोधता येतात. जुन्यासाठी कार्यालयात फी भरून शोध घ्यावा लागतो. नोटरी केलेला स्टॅम्प पेपर म्हणजे खरेदीखत नाही, हे लक्षात ठेवा.

आत्याआजीचं नाव

आता कठीण भाग. काकांचं म्हणणं, "तिचं लग्न होऊन साठ वर्षं झाली. तिचा काय संबंध?"

कायदा काय सांगतो ते बघू. हिंदू वारसा कायदा जून १९५६ मध्ये लागू झाला. त्या कायद्यात मुलगी, मुलगा, विधवा आणि आई हे सगळे पहिल्या वर्गाचे वारस. पणजोबा १९६८ मध्ये गेले, म्हणजे कायदा लागू झाल्यानंतर. त्यामुळे आत्याआजी तेव्हापासूनच वारस. वाटा किती, हे घर पणजोबांच्या स्वकष्टाचं की वडिलोपार्जित यावर ठरेल. पण "वाटाच नाही" हे चूक.

तेव्हा एक अडचण मात्र खरी होती. त्या कायद्याच्या कलम २३ प्रमाणे, कुटुंब राहत असलेल्या घराची वाटणी मुलीला स्वतःहून मागता येत नव्हती. भावांनी वाटणी करायला घेतली तरच तिला हिस्सा. ९ सप्टेंबर २००५ च्या दुरुस्तीने हे कलमच काढून टाकलं. त्याच दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला जन्मापासून मुलासारखा हक्क दिला. महाराष्ट्राने त्या दिशेने दुरुस्ती १९९४ लाच केली होती. आणि ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की २००५ मध्ये वडील हयात होते की नाही याने मुलीच्या या हक्काला फरक पडत नाही. (अनुसूचित जमातींना हा कायदा थेट लागू होत नाही. त्यांनी वेगळा सल्ला घ्यावा.)

तिला हक्क सोडायचा असेल तर तोंडी सांगून चालत नाही. नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागतं.

मी फेरफाराची नक्कल घेऊन मुरबाडला गेलो. आत्याआजीला मराठी वाचता येत नाही, म्हणून मीच वाचून दाखवलं. तिचं नाव आलं तेव्हा तिने थांबवलं. "परत वाच." मी परत वाचलं. "मला वाटलं भावांनी लिहिलंच नव्हतं," ती म्हणाली. नंतर बराच वेळ ती घराबद्दल बोलली. ओटीवर जातं कुठे होतं, न्हाणीघर कुठे होतं. वाट्याबद्दल काहीच बोलली नाही.

सध्याच हे करणं का गरजेचं आहे

गावठाणाची ड्रोनने मोजणी ही स्वामित्व योजना. पुणे जिल्ह्यात पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावात त्याचा पथदर्शी प्रयोग झाला आणि २४ एप्रिल २०२० ला देशभरासाठी योजना जाहीर झाली. १८ जानेवारी २०२५ ला एकाच दिवशी ५० हजारांहून जास्त गावांतल्या ६५ लाखांवर मिळकत पत्रिका वाटल्या गेल्या. म्हणजे काम वेगात चाललंय.

क्रम असा असतो: घराच्या हद्दीवर चुना मारायचा, ड्रोन फोटो घेतो, नकाशा बनतो, मग भूमी अभिलेख खात्याचा अधिकारी चौकशी करतो आणि शेवटी मिळकत पत्रिका तयार होते. ड्रोनला भिंत दिसते, छप्पर दिसतं, हद्द दिसते. मालक दिसत नाही. मालकाचं नाव चौकशीत ठरतं. त्या दिवशी जो हजर आणि ज्याच्या हातात कागद, त्याचं म्हणणं नोंदलं जातं. आजवर घराला "पहिलं पान" नव्हतं. आता ते लिहिलं जातंय. पुढची खरेदी, कर्ज, वाटणी सगळं याच पानावरून पुढे जाणार. पान चुकलं तर नंतर अपील, कोर्ट आणि वर्षं.

त्यात आपल्या भागाचे भाव बघा. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला सुरू झाला, तो शहापूर तालुक्यातूनच जातो. मुरबाडकडे माळशेजच्या रस्त्यावर फार्महाऊस उभे राहतायत. काल ज्या पडक्या घराकडे कुणी बघत नव्हतं त्याला आज गिऱ्हाईक आहे.

आमच्या घराचं काय झालं?

चौकशीच्या दिवशी काका रागातच आले. मी आधी त्यांना १९६९ चा फेरफार दाखवला. त्यांच्या वडिलांच्या नावापुढची तीन अक्षरं त्यांनी स्वतः वाचली. मग मीही एक गोष्ट मान्य केली. तीस वर्षं कर त्यांनी भरला, कौलं काढून पत्रे त्यांनी टाकले, पावसाळ्यात गळती त्यांनी थांबवली. त्याने ते एकटे मालक होत नाहीत, पण तो खर्च खरा आहे आणि वाटणीच्या वेळी तो मोजलाच पाहिजे. हे आम्ही त्यांना आधीच सांगायला हवं होतं.

तिन्ही शाखांचे वारस लिहून दिले. आत्याआजी रिक्षाने आली, अंगठा देऊन गेली. वाटणी अजून झालेली नाही. मिळकत पत्रिकेवर नावं आली म्हणजे खोल्या वाटल्या गेल्या असं नाही. ते वेगळं काम आहे आणि ते अजून बाकी आहे.

तुम्ही काय करायचं?

१. वंशावळ लिहा. प्रत्येकाच्या मृत्यूची तारीख किंवा निदान साल टाका. मुलींची नावं माहेरच्या आणि सासरच्या दोन्ही नावांनी लिहा.

२. घर गावठाणात आहे की शेतजमिनीवर, ते आधी नक्की करा.

३. ग्रामपंचायतीतून सगळ्यात जुना आणि आजचा, दोन्ही नमुना ८ घ्या. नाव बदललं असेल तर ठराव मागा.

४. त्याच माणसाच्या शेतीचे फेरफार आपले अभिलेखवर शोधा. वारस फेरफार मिळेपर्यंत थांबू नका.

५. शेतीवर वारस नोंद राहिली असेल तर ई-हक्क प्रणालीवर किंवा तलाठ्याकडे अर्ज करा. अधूनमधून "आपली चावडी" उघडून गावात कोणते फेरफार प्रलंबित आहेत ते बघा. तुमच्या गटावर नोंद चालू असेल तर १५ दिवसांतच हरकत घ्यावी लागते.

६. स्वामित्वची चौकशी झाली का, हे तालुक्याच्या उपअधीक्षक भूमी अभिलेख कार्यालयात विचारा. झाली नसेल तर कागद घेऊन स्वतः हजर राहा.

७. वाद असेल किंवा हक्कसोडपत्र करायचं असेल तर वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नका, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना करू देऊ नका.

आणि हे सगळं करायच्या आधी घरातल्या सगळ्यात वयस्कर आत्याला, मावशीला, आजीला फोन करा. पोर्टलवर फेरफाराचा नंबर मिळेल, पण १९६८ साली ओटीवर कोण कोण बसलं होतं हे फक्त त्यांनाच आठवतंय.